राइट्स हिकरी लिक्विड स्मोक: घरच्या बार्बेक्यू सॉसमध्ये किती घालावा आणि कशासाठी

बार्बेक्यू सॉस घरी करायला घेतला, की केचप, व्हिनेगर, साखर आणि मसाले जमवायला फारसा वेळ लागत नाही. अडते ते धुरापाशी. हिकरी या अमेरिकी झाडाच्या लाकडावर मांस तासन्‌तास मंद शिजवण्याची सोय ज्यांच्याकडे आहे त्यांना हा प्रश्न पडत नाही, पण अमेरिकेतील अनेक अपार्टमेंट संकुलांत गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवायला मनाई असते आणि भारतातल्या शहरी स्वयंपाकघरांत तर गॅस आणि फार तर एक लहान ओव्हन एवढ्यावरच भागवावे लागते. अशा स्वयंपाकघरांसाठी बाटलीत भरलेला धूर, म्हणजे लिक्विड स्मोक, विकला जातो. त्यांपैकी ‘राइट्स’ या नावाने मिळणाऱ्या हिकरीच्या लिक्विड स्मोकचे हे परीक्षण आहे, आणि ते अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहराच्या पद्धतीचा घट्ट, गोड-आंबट सॉस घरी करणाऱ्याच्या दृष्टीने लिहिले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगणे बरे. ज्याच्या घरी चूल किंवा स्मोकर, म्हणजे मांस धुरावर मंद शिजवण्याची भट्टी, नाही, त्याने ही बाटली जरूर ठेवावी. मात्र बहुतेक पाककृतींत सांगितलेले तिचे प्रमाण निम्म्याहून कमी करावे, आणि मांस खरोखर लाकडाच्या धुरावर शिजलेले असेल तर सॉसमध्ये तिचा एक थेंबही घालू नये.

बाटली लहान असते, साडेतीन औंसांची, म्हणजे सुमारे १०३ मिलिलिटरची, आणि अमेरिकेत ती कोणत्याही साध्या किराणा दुकानात केचप आणि स्टेक सॉसच्या फळीवर काही डॉलरांत मिळते. तिच्या लेबलवर दोनच घटक आहेत: पाणी आणि हिकरीच्या धुराचा अर्क. मला या उत्पादनाची सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. लिक्विड स्मोकच्या बाजारात दुसरे मोठे नाव टेक्सासमधील ‘कोल्जिन’चे आहे, त्यांच्या हिकरीच्या बाटलीत धुराच्या जोडीला व्हिनेगर, मोलॅसिस (साखर काढल्यावर उरणारा उसाचा गडद पाक), कॅरॅमलचा रंग आणि मीठही असते. मांसाला थेट चोळायचे असेल तर तो तयार मेळ सोयीचा ठरतो आणि त्यात काही वावगेही नाही. पण सॉस करणारा माणूस व्हिनेगर, मोलॅसिस आणि मीठ आपल्या हाताने, आपल्या जिभेच्या अंदाजाने घालत असतो. त्याला धूर हा निव्वळ धूर म्हणूनच मिळालेला बरा, म्हणजे चव बिघडली तर ती कशाने बिघडली हे त्याला कळू शकते.

या बाटलीचा आणि कॅन्सस सिटीचा संबंध जुना आहे. अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्रेत्याने १८९५ साली त्याच शहरात हा व्यवसाय सुरू केला. किशोरवयात छापखान्यात काम करत असताना शेगडीच्या धुराड्यावरून काळसर थेंब ओघळताना त्यांनी पाहिले, त्या थेंबांना धुराचा वास आणि चव असल्याचे त्यांच्या लक्षात आले, आणि पुढे औषधांच्या व्यवसायात शिरल्यावर त्या निरीक्षणातून हे उत्पादन जन्माला आले, अशी त्याची हकिगत सांगितली जाते. सुरुवातीचे गिऱ्हाईक सॉस करणारे नव्हतेच. घरच्या डुकराच्या मांड्या आणि बेकन टिकवण्यासाठी धुराची खोली तापवत बसणाऱ्या शेतकऱ्यांना हा ‘घनीभूत धूर’ ब्रशने लावण्यासाठी विकला जात असे.

आजही तत्त्व तेच आहे. लाकडाचा चुरा किंवा चकत्या अपुऱ्या हवेत तापवल्या जातात, निघालेला धूर थंड नळ्यांतून नेऊन त्याचे द्रव केले जाते, त्यात पाणी असते किंवा मिसळले जाते, आणि ते मुरत ठेवून तळाशी बसलेले डांबर व तेलकट भाग गाळून वेगळे काढले जातात. म्हणजे हा प्रयोगशाळेत जुळवलेला कृत्रिम वास नव्हे. खऱ्या लाकडाच्या खऱ्या धुरातला पाण्यात विरघळणारा भाग तेवढा बाटलीत येतो. लाकडातील लिग्निन जळते तेव्हा ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्ये तयार होतात; पहिल्यातून मुख्यतः धुराची चव आणि दुसऱ्यातून त्याचा सुवास येतो. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांतून आम्ले आणि अन्नाला तपकिरी छटा देणारी कार्बोनिल द्रव्ये मिळतात. हिकरी हे अक्रोड आणि पेकान यांच्या कुळातले झाड असून त्याचा धूर दणकट, काहीसा गोडसर आणि बेकनची आठवण करून देणारा असतो. हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की बाटलीतल्या द्रवात ही द्रव्ये इतकी दाट असतात की चमच्याचा हिशेब तिथे चालत नाही. बाटली उघडून सरळ वास घेतला तर आग विझवल्यानंतरच्या ओल्या राखेसारखा उग्र भपकारा येतो, आणि पहिल्यांदाच वापरणारा माणूस तिथेच बिचकतो. त्या वासावरून मत बनवू नये. लवंग किंवा हिंग नुसता चाखून कोणी त्याची पारख करत नाही.

आता सॉसकडे वळताना एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी, आणि तीच या परीक्षणाचा गाभा आहे. कॅन्सस सिटीच्या जुन्या सॉसमध्ये धूर नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. मेम्फिसजवळच्या भागातून आलेल्या हेन्री पेरी यांनी १९०८ च्या सुमारास या शहरात लाकडावर भाजलेले मांस विकायला सुरुवात केली. त्यांचा सॉस तिखट आणि जहाल होता असे सांगतात. त्यांच्या पश्चात त्यांचे दुकान चार्ली ब्रायंट यांच्याकडे आणि १९४६ मध्ये त्यांचे भाऊ आर्थर ब्रायंट यांच्याकडे आले. आर्थर ब्रायंटच्या नावाने आजही चालणाऱ्या उपाहारगृहाचा मूळ सॉस व्हिनेगर आणि पाप्रिका, म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, यांवर उभा आहे, काहीसा रवाळ आहे आणि तो गोडीसाठी ओळखला जात नाही. त्याच १९४६ साली गेट्स कुटुंबाने आपले बार्बेक्यूचे दुकान सुरू केले. या सर्व ठिकाणी धूर मांसात असतो आणि सॉस त्या धुराला आंबट, तिखट, किंचित गोड उत्तर देतो. आज जगभर ‘कॅन्सस सिटी सॉस’ म्हणून जो गडद, घट्ट आणि मोलॅसिसचा सॉस ओळखला जातो, त्याची ख्याती मुख्यतः रिच डेव्हिस या बालमनोविकारतज्ज्ञाने १९७७ साली बाजारात आणलेल्या ‘केसी मास्टरपीस’मुळे पसरली. तो पुढे १९८६ मध्ये कोळशाच्या विटा विकणाऱ्या किंग्सफर्ड कंपनीकडे गेला. बाटलीबंद सॉस घरोघरच्या गॅसच्या शेगड्यांपर्यंत आणि ओव्हनपर्यंत पोहोचला, तसा धूर मांसातून निघून सॉसमध्ये आला. दुकानातल्या बहुतेक घट्ट गोड सॉसच्या लेबलवर ‘नॅचरल स्मोक फ्लेवर’ हा घटक सापडतो, तो यामुळेच.

म्हणून राइट्सची पारख करताना मी ती स्मोकरशी स्पर्धा करणारी वस्तू मानत नाही. ओव्हनमध्ये भाजलेल्या कोंबडीला किंवा तव्यावरच्या पनीरला धुराची चाहूल द्यायची, एवढेच तिचे काम आहे, आणि ते ती चोख करते.

सॉस असा करावा. जाड बुडाच्या पातेल्यात एक मोठा चमचा लोण्यावर अर्धा किसलेला कांदा मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत परतावा, दोन पाकळ्या लसूण ठेचून घालावी आणि तिचा कच्चा वास जाताच एक लहान चमचा काळी मिरपूड, दोन लहान चमचे पाप्रिका आणि चवीपुरते लाल तिखट त्या लोण्यातच क्षणभर परतावे. मसाला स्निग्धात परतण्याची ही पायरी अनेक अमेरिकन पाककृतींत नसते. तिथे सगळे एकदम पातेल्यात ओतून उकळतात. आपल्या हाताला फोडणीची सवय आहे आणि ती इथे उपयोगी पडते, कारण पाप्रिकाचा रंग व वास तेलातुपात विरघळणारा असल्यामुळे असा सॉस रंगाला उजळ आणि चवीला भरदार होतो. महाराष्ट्रात पाप्रिकाऐवजी ब्याडगी मिरचीची पूड वापरावी. रंग हवा तसा येतो आणि तिखटपणा आवाक्यात राहतो. त्यानंतर ५०० ग्रॅम केचप, १२० मिलिलिटर ॲपल सायडर व्हिनेगर, ७० ग्रॅम ब्राऊन शुगर, पाव कप मोलॅसिस, एक मोठा चमचा वूस्टरशायर सॉस आणि एक लहान चमचा पिवळी मोहरीची पेस्ट घालून, अर्धवट झाकण ठेवून, मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे शिजवावा. अधूनमधून तळापासून ढवळावे लागते, कारण साखर बुडाला लागली की तो कडवटपणा मागाहून कशानेही जात नाही.

दोन घटकांबद्दल थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. पहिला मोलॅसिस. अमेरिकेतील मोलॅसिस म्हणजे उसाचा रस उकळून त्यातून साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणारा गडद पाक, त्यामुळे त्यात गोडीबरोबर स्पष्ट कडसर छटा असते. कोल्हापूर भागातील गुऱ्हाळांवर मिळणारी काकवी दिसायला त्याच्या जवळची असली तरी तिच्यातून साखर काढलेली नसते, म्हणून ती अधिक गोड आणि कमी कडू असते. काकवी वापरायची असेल तर ती जरूर वापरावी, तिचा स्वतःचा स्वाद या सॉसमध्ये फार सुंदर मिसळतो, पण ब्राऊन शुगर निम्मी करावी आणि हवी तर अर्धा लहान चमचा कोको किंवा कडक काळी कॉफी घालून गडद कडसरपणा भरून काढावा. दुसरा घटक वूस्टरशायर सॉस. मूळ ली अँड पेरिन्सच्या सॉसमध्ये अँकोव्ही मासळी असते, हे शाकाहारी कुटुंबांना अनेकदा माहीत नसते. त्याच सॉसमध्ये चिंचेचा अर्कही असतो, त्यामुळे शाकाहारी पर्याय म्हणून एक मोठा चमचा घट्ट चिंचेचा कोळ आणि एक लहान चमचा सोया सॉस घातल्यास आंबट-खारट खोली बऱ्यापैकी साधते.

धूर सर्वांत शेवटी, आच बंद केल्यावर. वर दिलेल्या प्रमाणात सुमारे पाऊण किलो सॉस होतो आणि त्याला राइट्सचा पाव लहान चमचा पुरतो. अनेक पाककृती एवढ्या सॉसला एक ते दोन लहान चमचे सांगतात. तसा सॉस पहिल्या घासाला प्रभावी वाटतो आणि तिसऱ्या घासाला जिभेवर औषधी, आयोडिनसारखी चव साचू लागते. ग्वायकॉलसारखी द्रव्ये अगदी अल्प प्रमाणातही जाणवतात आणि जिभेवर रेंगाळतात, म्हणून गरम सॉस चाखून ‘अजून थोडा’ घालण्याचा मोह आवरावा. सॉस झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चाखावा. व्हिनेगरची धार तोवर मऊ होते, मसाले मुरतात, आणि आदल्या दिवशी वेगळा उठून दिसणारा धूर सॉसच्या पोटात जातो. तेव्हाही कमी वाटला तर ड्रॉपरने दोन-तीन थेंब वाढवावे. काचेच्या स्वच्छ बाटलीत हा सॉस फ्रीजमध्ये दोन ते तीन आठवडे चांगला राहतो.

घरचा सॉस म्हणजे आपोआप कमी साखरेचा, असा एक समज आहे, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. अमेरिकन केचपच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १७ ग्रॅममध्ये, सुमारे ४ ग्रॅम साखर असते. त्या हिशेबाने ५०० ग्रॅम केचपमधून जवळपास ११७ ग्रॅम साखर येते, त्यात ब्राऊन शुगर आणि मोलॅसिस मिळवले की एकूण आकडा अडीचशे ग्रॅमच्या आसपास जातो, आणि दोन मोठ्या चमचे सॉसमध्ये साधारण १२ ते १३ ग्रॅम साखर उतरते. ‘स्वीट बेबी रेज’सारख्या लोकप्रिय बाटलीत तेवढ्याच सॉसमागे १६ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि तिचा पहिला घटक हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप हा आहे. फरक आहे, पण तो फार मोठा नाही. खरी काटछाट करायची असेल तर निम्म्या केचपऐवजी साधी टोमॅटो प्युरी घ्यावी, ब्राऊन शुगर पूर्ण गाळावी आणि सॉस दहा मिनिटे जास्त आटवावा. गोडी घटल्यावर धूर अधिक उघडा पडतो, म्हणून अशा सॉसमध्ये लिक्विड स्मोकही आणखी कमी घालावा.

सॉस लावण्याची वेळ चुकली तर एवढी सगळी मेहनत वाया जाते. इतकी साखर असलेला सॉस सुरुवातीपासून मांसावर ठेवला तर मांस शिजण्याआधी तो करपतो. ओव्हनमध्ये कोंबडीचे तुकडे जवळजवळ पूर्ण शिजू द्यावेत, शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत दोन वेळा पातळ थर लावावा, आणि त्याला चकाकी धरली की बाहेर काढावे.

आता या बाटलीला कुठे दूर ठेवावे तेही सांगतो. पूर्व नॉर्थ कॅरोलिनात सॉस म्हणजे व्हिनेगर, लाल मिरची आणि मीठ. तो पाण्यासारखा पातळ असतो आणि चिरलेल्या डुकराच्या मांसात मुरतो. साउथ कॅरोलिनात मोहरीचा पिवळा सॉस आहे, आणि अलाबामातील डिकेटर येथे बिग बॉब गिब्सन यांच्याकडे १९२५ पासून मेयोनेज, व्हिनेगर व मिरपुडीचा पांढरा सॉस कोंबडीला लावतात. हे तिन्ही सॉस घरी पाच-दहा मिनिटांत होतात, त्यांचे सौंदर्य त्यांच्या स्वच्छ आंबटपणात आहे, आणि त्यांत लिक्विड स्मोकचा थेंब पडला की तो आंबटपणा गढूळ होतो.

सुरक्षिततेचा मुद्दा टाळता येण्याजोगा नाही. धूर द्रवरूप करून गाळला जातो तेव्हा बेन्झोपायरीनसारखी घातक बहुवलयी द्रव्ये मोठ्या प्रमाणात डांबराबरोबर वेगळी होतात, ही या पद्धतीची जमेची बाजू मानली जाते. तरीही युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये धुराच्या आठ स्वादद्रव्यांचे पुनर्मूल्यांकन केले, तेव्हा पेशींतील जनुकीय द्रव्याला इजा होण्याची शंका त्यांपैकी एकाच्याही बाबतीत फेटाळता आली नाही, आणि २०२४ मध्ये युरोपीय संघाने त्यांची परवानगी पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला. सॉस आणि चिप्ससारख्या पदार्थांसाठी दोन वर्षांची, तर हॅम, मासे आणि चीज यांसारख्या परंपरेने धुरावल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी पाच वर्षांची मुदत त्यांनी दिली. अमेरिकेत ही उत्पादने नेहमीप्रमाणे विकली जातात. माझ्या स्वयंपाकघरात हा अधूनमधून, थेंबांनी वापरायचा पदार्थ आहे. रोजच्या जेवणात त्याला जागा नाही, आणि प्रमाण कमी ठेवण्याचा माझा आग्रह केवळ चवीपुरता नाही.

ज्यांना तेवढाही नको असेल त्यांच्यासाठी चांगले पर्याय आहेत. ओकच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची स्पॅनिश स्मोक्ड पाप्रिका साध्या पाप्रिकाऐवजी घातली, तर सॉसला सौम्य आणि अतिशय सुबक धूर मिळतो. मेक्सिकोची चिपोटले, म्हणजे पिकवून धुरावलेली हालापेन्यो मिरची, धुराबरोबर तिखटपणाही आणते. आपला धुंगार आहेच: तयार सॉसच्या पातेल्यात लहान वाटी ठेवून तिच्यात लालबुंद निखारा ठेवावा, त्यावर चार थेंब तूप सोडावे आणि चार-पाच मिनिटे घट्ट झाकावे. निखारा साध्या लाकडी कोळशाचा असावा, चटकन पेटण्यासाठी रसायन लावलेल्या विटांचा नसावा, आणि खिडक्या उघड्या असाव्यात. या धुराला तुपाचा गंध असतो, हिकरीचा नसतो, त्यामुळे सॉस कॅन्सस सिटीपासून थोडा लांब जातो. पनीर आणि मशरूमसाठी मला तो राइट्सपेक्षाही अधिक आवडतो.

राइट्सची बाटली सर्वांत जास्त कामी येते ती शाकाहारी ‘पुल्ड’, म्हणजे धाग्यांसारख्या मोकळ्या केलेल्या, बार्बेक्यूसाठी. अमेरिकेत त्यासाठी मिठाच्या पाण्यातला डबाबंद कोवळा फणस वापरतात; कोकणातली कुयरी ताजी मिळत असेल तर प्रश्नच नाही. फणस उकडून, पिळून, काट्याने मोकळा करावा, थोड्या तेलावर कडा तपकिरी होईपर्यंत परतावा आणि मगच सॉस घालावा. फणसाला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि तो धुरावर शिजलेलाही नसतो, म्हणून इथे धुराची जबाबदारी संपूर्णपणे सॉसवर येते; याच एका पदार्थासाठी मी पाव चमच्याचा अर्धा चमचा करायला सांगेन. डबा घेताना मात्र तो मिठाच्या पाण्यातला आहे याची खात्री करावी, कारण त्याच फळीवर साखरेच्या पाकातला पिका फणसही ठेवलेला असतो आणि तो या पदार्थाला अजिबात चालत नाही.